केसगळतीचे औषध आणि वैराग्याचा प्रश्न

पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या केसगळतीवर आज जी औषधे दिली जातात, त्यांचा गुण किती आणि धोका किती हे वैद्यकाने बऱ्यापैकी तपासले आहे. ती घ्यावीत का, हा प्रश्न मात्र वैद्यकाच्या हाती पूर्णपणे नाही. केस गेल्याने कोणाचा जीव जात नाही, म्हणून या उपचाराला हौस म्हणणारे घरोघरी भेटतात. देह नश्वर मानणाऱ्या परंपरेत याच हौसेला मोह म्हटले जाते. एकीकडे धर्म केस उतरवायला सांगतो आणि दुसरीकडे माणूस ते राखायला औषध घेतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत का, याचा विचार उज्जैनच्या संदर्भात नीट करता येतो. तिथे केस देण्याचे विधी रोज होतात आणि वैराग्याची थोर परंपराही आहे.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभारले आणि 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. क्षिप्रेच्या काठी सिद्धवटाजवळ पिंडदानासाठी आलेला मुलगा आधी क्षौर करतो. न्हावी नदीच्या पाण्याने केस भिजवतो, बोटांनी चोळून मऊ करतो आणि टाळूकडून कानाकडे वस्तरा ओढत आणतो. शेवटी मागे शेंडीपुरते केस उरतात. लहान मुलांचे जावळही तीर्थावर काढतात. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो (मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये आहे) तेव्हा आखाड्यांत नागा साधूंची दीक्षा होते. त्या वेळी मुंडण करून साधक स्वतःचेच पिंडदान करतो, म्हणजे पूर्वायुष्याचे श्राद्ध उरकून टाकतो.

संस्कार, शोक आणि संन्यास या तिन्ही प्रसंगी केस उतरवण्याचा अर्थ वेगळा आहे, पण एक गोष्ट समान आहे. केस दिले जातात. देण्याची वेळ ठरलेली असते, संकल्प सोडलेला असतो आणि देणारा, किंवा तान्ह्या बाळाच्या बाबतीत त्याचे आईवडील, ते जाणून करतात. पहिल्या दोन प्रसंगी केस परतही येतात. वस्तरा त्वचेच्या वरचा भाग कापतो, मूळ जागच्या जागी राहते. जावळ काढल्याने पुढचे केस दाट येतात ही समजूत खरी नाही, पण वस्तऱ्याने मुळाचे काही बिघडत नाही हे त्याच कारणाने खरे आहे. टक्कल पडते तेव्हा मूळच आक्रसत जाते. तिथे कोणी संकल्प सोडलेला नसतो.

याच घाटांवर जटाधारी साधूही दिसतात. शैव जटा वाढवतो, संन्यासी मुंडण करतो, जैन मुनी हाताने केस उपटून लोच करतात, म्हणजे न्हाव्यावरही अवलंबून राहायला नको आणि केसांची निगाही नको. तीन मार्गांनी केसांशी तीन परस्परविरोधी गोष्टी केल्या, तरी वैराग्य तिघांचेही मानले जाते. याचा अर्थ वैराग्य केसांच्या असण्यात किंवा नसण्यात नाही. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध स्तोत्रात जटा, मुंडण आणि लोच या तिन्ही वेषांची, ते पोटासाठी केलेले असतील तर, सारखीच निर्भर्त्सना केली आहे. धम्मपदही नुसत्या मुंडणाने कोणी श्रमण होत नाही असेच सांगते. डोके उघडे पडले म्हणून माणूस आपोआप विरक्त झाला, असे मानायला कोणत्याच परंपरेत आधार सापडत नाही.

उलट केस मागण्याला प्राचीन आधार आहे, आणि तो भरपूर आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अपाला इंद्राकडे तीन जागी उगवण मागते. त्यातली एक जागा म्हणजे तिच्या बापाचे टक्कल पडलेले डोके. दुसरी त्याचे शेत. मुलीने बापाच्या केसांसाठी देवाकडे शब्द टाकावा आणि तो शेताच्या पिकाइतकाच सहज टाकावा, यात कुठेही संकोच दिसत नाही. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस वाढवण्यासाठी सूक्ते आहेत. जमदग्नीने आपल्या लेकीसाठी जमिनीतून खणून काढलेली नितत्नी नावाची वनस्पती त्यात संबोधली आहे. असलेले केस टिकावेत, नसलेले यावेत आणि आलेले लांब व्हावेत, अशी ती तिहेरी मागणी आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणारा आजचा रुग्ण याहून वेगळे काही मागत नाही.

कर्मकांडाच्या ग्रंथांनी तर टकलाची अडचण फारच बारकाईने ध्यानात घेतली आहे. शिखा बांधल्याशिवाय संध्या किंवा श्राद्ध करू नये असा नियम. पुरुषांचे टक्कल मात्र बहुधा कपाळाच्या दोन कोपऱ्यांत आणि टाळूवर पडते, म्हणजे नेमके शेंडीच्या आसपास. मग ज्याला बांधायला केसच उरले नाहीत त्याने काय करावे? टकलामुळे शिखा नसेल तर दर्भाची, ब्रह्मग्रंथी घातलेली शिखा धारण करावी, असे विधान आहे. कर्माचा अधिकार काढून घेतलेला नाही. उणीव मान्य करून पर्याय दिला आहे. देहाच्या उणिवेकडे पाहण्याची ही दृष्टी मोठी शहाणी आहे. अर्थात परंपरेत दुसरा सूरही आहे. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या अखेरीस ज्या माणसाच्या डोक्यावर आहुती द्यायची, तो कोडाचे डाग असलेला, दात पुढे आलेला आणि टकला असावा असे सांगितले आहे. अपशकुन म्हणून टकल्याला हिणवण्याची मुळे इतकी खोल जातात, आणि ती लपवून ठेवणे बरोबर नाही.

आयुर्वेदाने हा विषय रोगाच्या कक्षेत आणला. सुश्रुताने क्षुद्ररोगांत इंद्रलुप्ताचे वर्णन केले आहे. वातासह पित्त केसांच्या छिद्रांत शिरून केस पाडते, मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो आणि नवा केस येऊ शकत नाही. चरकाने डोक्याला रोज तेल लावणे दिनचर्येतच घातले आणि त्याचा एक लाभ म्हणून टक्कल व पांढरे केस टळणे सांगितले. माक्याचे तेल, नस्य, चाईवर गुंजेचा लेप हे उपचार याच परंपरेतले. त्यांतल्या बऱ्याच उपायांची आजच्या पद्धतीने पुरेशी मोठी चाचणी झालेली नाही. तेलाने केस तुटणे कमी होते, पण आनुवंशिक टकलावर ते पुरत नाही. आयुर्वेदाची एक कल्पना मात्र आजच्या औषधांना जशीच्या तशी लागू पडते. रोगांचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भाग केले आहेत. याप्य रोग मुळातून जात नाही, उपचार चालू असेपर्यंत दबून राहतो. सुश्रुताने यासाठी पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. टेकू काढला की घर खाली येते.

आनुवंशिक टक्कल हा असाच याप्य विकार आहे. डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात. प्रत्येक केस साधारण 2 ते 6 वर्षे वाढतो, मग काही महिने विसावतो आणि गळतो. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक ज्यांच्या मुळांना सोसत नाही, त्यांच्या केसांचा वाढीचा काळ आखूड होत जातो आणि जाड केसाच्या जागी लव येऊ लागते. 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की वयात येण्याआधी वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. आनुवंशिकता, संप्रेरक आणि वय या तिन्हींचा मेळ लागतो. वारसा आई आणि वडील या दोन्हींकडून येतो.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून डोक्याला लावायचे द्रावण निघाले. अमेरिकेत 1988 मध्ये पुरुषांसाठी आणि 1991 मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते केसांचा वाढीचा काळ लांबवते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते, घाबरून इथेच पुष्कळ जण औषध सोडतात. फरक दिसायला 4 ते 6 महिने लागतात. फिनास्टेराइडचा उगम आणखी विलक्षण आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात जन्मतःच एक विकर कमी असलेल्या मुलांचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुले मोठी झाली तरी त्यांना टक्कल पडत नव्हते आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती. तेच विकर रोखणारे औषध 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आले आणि 1997 मध्ये 1 मिलिग्रॅमच्या गोळीच्या रूपात टकलासाठी. दोन वर्षांच्या चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे 83 टक्के पुरुषांची गळती पुढे वाढली नाही. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 28 टक्के होते. पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी 3.8 टक्क्यांना झाल्या, औषध नसलेल्या गोळीवर 2.1 टक्क्यांना. औषध थांबवल्यावरही तक्रारी राहिल्याच्या आणि नैराश्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे हे औषध डॉक्टरांशी मोकळेपणी बोलूनच घ्यावे. ड्युटास्टेराइड त्याहून तीव्र असून टकलासाठी त्याला दक्षिण कोरियात 2009 मध्ये आणि जपानमध्ये 2015 मध्ये मान्यता मिळाली.

स्त्रियांचे केस बहुधा भांगाच्या रेषेत विरळ होतात, कपाळावरची कड टिकून असते. त्यांच्यासाठी मिनॉक्सिडिल हेच पहिले औषध. डॉक्टर काही जणींना स्पायरोनोलॅक्टोन देतात. गर्भवतीने मात्र ते आणि फिनास्टेराइड दोन्ही टाळायचे असतात, कारण मुलग्याच्या गर्भाच्या वाढीत दोष येऊ शकतो. फिनास्टेराइडची फुटलेली गोळी तिने हाताळूही नये. रक्तातले लोह आणि थायरॉइड आधी तपासावे लागते. टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठा मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, आणि ते बहुधा औषधावाचून परत येतात. बापाच्या दहाव्याला मुलगा क्षौर करतो. त्याच घरातल्या लेकीच्या फणीत दोन-तीन महिन्यांनी केसांचा गुंता येऊ लागतो, तोही पुष्कळदा त्याच शोकाचा भाग असतो, आणि तिला कोणी ते समजावून सांगत नाही. चाई हा निराळा रोग आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चाईच्या तीव्र रूपासाठी 2022 मध्ये बॅरिसिटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तेही थांबवले की रोग बहुधा परत येतो, आणि संसर्गाचा धोका सांभाळावा लागतो.

आता आक्षेपांकडे येता येईल. पहिला आक्षेप प्रारब्धाचा. उज्जैनच्या परंपरेने राजा मानलेल्या आणि राज्य सोडून गढकालिका मंदिराजवळच्या गुंफांत राहिल्याचे सांगितल्या जाणाऱ्या भर्तृहरीच्या नावावर नीतिशतक आहे. वामन पंडितांनी ते मराठीत आणले. त्यात एक टकला माणूस येतो. उन्हाने डोके तापते म्हणून तो झाडाच्या सावलीला जातो आणि वरून मोठे फळ पडून त्याचे डोके फुटते. दैव आडवे आले की संकट मागोमाग येते, हे त्यातून सांगायचे आहे. या श्लोकावरून, ‘मग उपचार कशाला’ असा निष्कर्ष काढणारे श्लोक अर्धाच वाचतात. सावलीला जाणे ही त्या माणसाची चूक आहे असे कवी कुठेही म्हणत नाही, आणि त्याच संग्रहात आळसाची निंदा व उद्योगाची थोरवीही आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षू प्रकरणात तर दैवाच्या भरवशावर बसणाऱ्यांवर सरळ टीका आहे. प्रारब्ध भोगूनच संपते असे मानणारा वेदान्तीही तापावर काढा घेतो. आनुवंशिकता हे देहाचे प्रारब्ध म्हटले, तरी चाचणीतल्या 28 आणि 83 या दोन आकड्यांमधले अंतर माणसाच्या प्रयत्नाचे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मोहाचा, आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. वैराग्यशतकात भर्तृहरीने म्हातारपणाचे चित्र काढले आहे. तोंडावर सुरकुत्या, डोके पांढरे, अवयव सैल, आणि तृष्णा मात्र दिवसेंदिवस तरुण. रोख केसांवर नाही, तृष्णेवर आहे. गृहस्थाला काम हा पुरुषार्थ मान्य आहे, वेणी-फणी आणि अलंकारही मान्य आहेत, त्यामुळे चांगले दिसावे ही इच्छा निषिद्ध ठरत नाही. विशीतल्या मुलाचे टाळू उघडे पडते आणि तो लग्नकार्याला जायचे टाळू लागतो, तेव्हा त्याला देह नश्वर असल्याचे ऐकवणे हा उपदेश नव्हे, निर्दयपणा आहे. पन्नाशीतल्या माणसाला विशीतले केस हवे असतील आणि तो एका तेलावरून दुसऱ्या तेलावर, एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत असेल, तर भर्तृहरीचा प्रश्न त्याला जरूर विचारावा. याप्य उपचाराचे स्वरूपच असे आहे की तो अखंड चालवावा लागतो. मिनॉक्सिडिल सोडले की 3 ते 6 महिन्यांत मिळवलेले केस जातात. वर्षानुवर्षे रोज हे करायचे का, त्याचा खर्च आणि धोका पेलायचा का, हे ठरवताना इच्छा किती आहे आणि ती कुठे थांबणार, याचा हिशेब ज्याचा त्यालाच घालावा लागतो. काही जण विचारान्ती औषध सोडून वस्तरा उचलतात. त्यांचे उघडे डोके मग नुसते टक्कल राहत नाही. त्यामागे निर्णय असतो.

निर्णय कोणाचा, हा मुद्दा किती निर्णायक आहे ते महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. प्रयागला मराठी सुवासिनी वेणीदान करते तेव्हा नवऱ्याच्या संमतीने वेणीचे दोन बोटांएवढे टोक अर्पण करते. त्याच समाजात, विशेषतः उच्चवर्णीय घरांत, नवरा मरताच बाईचे सगळे केस उतरवून तिला सोवळी करत. अनेकदा ती वयाने मूलच असे. या केशवपनाला त्यागाचे आणि धर्माचे नाव होते, पण संकल्प तिचा नव्हता. आगरकरांनी त्यावर कठोर लिहिले. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. त्या काळच्या सुधारणांत याहून धीराची गोष्ट क्वचितच घडली असेल. हातातल्या कसबाचा धर्म काय, हे त्या कारागिरांना शास्त्र्यांपेक्षा नीट समजले होते. बाईच्या केसांचे वैराग्य परस्पर ठरवणाऱ्या या इतिहासानंतर, केस विरळ झालेल्या स्त्रीला ‘आता या वयात कशाला औषध’ असे विचारताना तरी जीभ अडखळायला हवी. केमोथेरपीने केस गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तिचे केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा येतात. तोवर टोप किंवा गंगावन वापरणे यात खोटेपणा काही नाही.

खोटेपणा असतो तो विक्रीत. 1945 च्या औषध नियमावलीतील परिशिष्ट ‘जे’मध्ये टक्कल, नवे केस उगवणे आणि अकाली पिकणे यांचा समावेश आहे, त्यामुळे आपले औषध हे बरे करते असा दावा उत्पादकाला करता येत नाही. तरी तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत साधूच्या नावाने तेले विकली जातात. श्रद्धेच्या ठिकाणी आलेल्या माणसाला असे फसवणे हा केसांचा मोह बाळगण्याहून कितीतरी मोठा अधर्म आहे.

आचाराच्या बारीक शंकाही असतात. ड्युटास्टेराइडची मऊ कॅप्सूल बहुधा प्राणिज जिलेटिनची असते. जैन आणि शाकाहारी रुग्णाने हे आधी विचारून घ्यावे, फिनास्टेराइडची साधी गोळी मिळते. मिनॉक्सिडिलच्या द्रावणात अल्कोहोल असते. ज्याला पूजेत ते नको वाटते त्याने रात्री लावावे; चार तास गेले की डोके धुतले तरी चालते, म्हणजे पहाटेच्या क्षिप्रास्नानाला अडचण येत नाही. औषध चालू असताना क्षौर केले तर केसांच्या मुळांना अपाय होत नाही. मात्र वस्तऱ्याचे पाते नवे असावे, आणि त्वचेवर कापले असेल तर जखम भरेपर्यंत द्रावण लावू नये, कारण त्यातून औषध जास्त प्रमाणात रक्तात जाते. केसरोपण झालेल्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वस्तरा लावू नये.

संन्यास घेणाऱ्याला या औषधांचे प्रयोजन उरत नाही. ती बंद केल्याने मिळवलेले केस जातील, बाकी काही बिघडणार नाही. रक्तदाबाच्या गोळीचे तसे नाही. दीक्षा घेतली म्हणून ती सोडायची नसते. डोक्याच्या त्वचेला नायटा झाला, पू धरला किंवा व्रण राहू लागले, तर तो देहाचा रोग आहे, आणि त्यावर उपचार घेण्याची मुभा मुंडण केलेल्या साधूलाही आहे.